दुसरा लेप

चैत्र नवरात्र संपले आणि देवासच्या टेकडीवर देवीला गेलेल्या बायका धारला परतल्या. त्यांच्यातली एक सून परत आली नाही. विसाव्या शतकाची ती पहिली वर्षे होती आणि मी धार संस्थानात फौजदार होतो. नोकरीतले खून-दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. हे प्रकरण वेगळे राहिले.

फिर्याद द्यायला नवरा आणि त्याचा थोरला भाऊ ठाण्यात आले. नवरा जमीन मोजणी खात्यात कारकून. भाऊ उभ्यानेच बोलला, "फौजदारसाहेब, अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट पाहतो. त्यानंतर सापडली तरी आमच्या उंबऱ्यात पाय नाही."

नवरा पागोटे मांडीवर घेऊन बसला होता.

हरवलेल्या माणसाचा हुलिया, म्हणजे अंगकाठीचे आणि चेहऱ्याचे वर्णन, मी स्वतः विचारून घेत असे.

"रंग?"

"गव्हाळ."

"बांधा?"

"सडपातळ. कपाळावर गोंदणाचा ठिपका आहे."

"चेहऱ्यावर काही खूण?"

नवऱ्याने आठवून पाहिले. "नाही. हसली की डाव्या गालाला खळी पडते. ते चालेल का?"

देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हींकडे कळवले. विहिरी पाहिल्या, धर्मशाळा पाहिल्या. या वर्णनाची बाई कोठेच नव्हती. पुढे देवासला पाठवलेला हवालदार परत आला. तो माळव्याचाच होता.

"साब, धाकट्या पातीत एक वैद्य आहे. त्याच्या घरी एक बाई राहिलीय, उदयनगरची म्हणते. बोली मात्र आपल्या धारची. पर अपनी वाली नहीं है. तोंडभर देवीचे वण."

बोली धारची आणि गाव उदयनगर, हे मला खटकले. मी फिर्यादीच्या घरी जाऊन थोरल्या जावेची जबानी घेतली. ती दाराआडून बोलली.

"वण? अहो, चाळण झालीय चाळण! लहानपणी देवी आल्या होत्या तिला, साऱ्या आळीला ठाऊक आहे. थंडीत तो देवासचा वैद्य इथे आला होता. भाऊजी मोजणीला परगावी गेलेले. तेवढ्यात हिने कातडी सोलणारा लेप लावून घेतला. खोलीत अंधार करून बसली, अन् चूल माझ्या गळ्यात!"

मी नवऱ्याला बाजूला घेतले. "तुम्ही खूण नाही म्हणालात."

तो गोंधळला. "देवी आल्या होत्या, खरं आहे. पण साहेब, खूण विचारलीत तेव्हा ते मनातच आलं नाही."

मी देवासला गेलो. वैद्य म्हातारा आणि तापट होता. मला पाहताच म्हणाला, "बरं झालं आलात. तिला तुम्हीच समजवा. रोज एकच धोशा, दुसरा लेप लावा. पहिल्याची लाली अजून उतरली नाही. नवी कातडी कोवळी असते, लाली पुरती जाईपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. त्यात वैशाखाचं ऊन येतंय. आत्ता लावला तर वण राहतील बाजूला, तोंड काळवंडेल."

"मग केव्हा?"

"हिवाळ्यात. तोही सगळ्या चेहऱ्याला नको. उथळ वण बुजलेत. खोल आहेत तेवढ्यांनाच."

"तोवर घरी का पाठवली नाही?"

"जाते कुठे! माझ्या बायकोबरोबर जात्याला बसते, अन् दुपारी पुन्हा माझ्यासमोर."

ती पदर सावरून बाहेर आली. कोणी पळवून आणले का, हे विचारणे माझे काम होते. ती नाही म्हणाली.

"मग घर का सोडलंत?"

"ते मोजणीहून परत आले, त्या दिवशी मी मुद्दाम उजेडात बसले. पाहून म्हणाले, भाकरी छान झालीय. पुढेही कधी चेहऱ्याचं एक अक्षर नाही. मी समजले, एका लेपानं काही फरक पडला नाही."

"मी त्यांना चेहऱ्यावरची खूण विचारली होती. त्यांनी नाही म्हणून सांगितलं."

"लाजेनं सांगितलं असेल."

"नाही. आठवून सांगितलं. फक्त गालावरची खळी सांगितली."

तिने विचारले, "कोणत्या गालावरची म्हणाले?"

"डाव्या."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिने पदर तोंडावर घेतला.

त्यानंतर हुलिया घेताना मी घरच्या माणसाबरोबर शेजाऱ्यालाही बोलावू लागलो. रोज पाहणाऱ्याला जे दिसेनासे होते, ते शेजारी पहिल्या दमात सांगतो.

अक्षय्य तृतीयेच्या आधी मी तिला धारला पोहोचवले. थोरला भाऊ उंबऱ्यात उभा होता. "कुठे होतीस इतके दिवस?"

त्याच्या मागून नवरा पुढे आला. "औषधाला गेली होती. मला विचारून गेली होती, दादा. माझ्याच ध्यानातून गेलं."

भावाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तो उंबऱ्यातून बाजूला झाला.

मार्गशीर्षात नवऱ्याने रजा काढली. दोघे एकाच टांग्यातून देवासला गेली. लाली उतरल्याची खात्री करून वैद्याने उजव्या गालाला दुसरा लेप लावला. डाव्या गालाला तिने हात लावू दिला नाही.