वयनींची ओळखपरेड

दोन वर्षं मी वयनींच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवत होतो, आणि तरीही लालबागच्या बाजारात समोरासमोर आलो तेव्हा त्या मला ओलांडून सरळ पुढे निघून गेल्या. मला रागच आला. "वयनी, अहो मी!" अशी हाक मारली, तर त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पिशवी धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाये, तू तो भाताचां आळां करणारो! तुझां तोंड माका खंय म्हायत?"

वयनी मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी खानावळ घातली. आम्ही अठरा जण जेवायचो. बहुतेक गिरणीकामगार आणि माझ्यासारखे दोन-तीन कारकून. डोक्यावरून घट्ट पदर ओढून, मान खाली घालून त्या वाढायच्या. परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे वळण लहानपणी लागलेलं, ते मुंबईतही सुटलं नाही. त्यामुळे त्यांना आमचे फक्त हात ठाऊक. कोण मीठ आधी संपवतो, कोण रागात भाकरी मोडतो, सगळं पाठ. माझी नोकरी धोक्यात आली होती तेव्हा घरच्यांच्या आधी ते वयनींनी ओळखलं होतं. "दोन दिस झाले, तुझो हात पानार फिरता नुसतो," म्हणाल्या आणि वर आणखी एक मासा वाढला.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. त्याच हिवाळ्यात परळ, लालबाग आणि डिलाईल रोडच्या पट्ट्यात एकामागून एक चार खून झाले. चौघेही गावाकडून आलेले, एकटे राहणारे पुरुष. चौघांचाही गळा आवळलेला. चौथा आमचाच दत्ताराम, माझ्या शेजारी जेवायला बसणारा, गाणारा, हसरा माणूस. त्याचा मृतदेह सापडला त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे सभेला गेलो होतो. दत्ताराम तेवढा एका नव्या ओळखीच्या पाहुण्याला घेऊन लवकर जेवून गेला होता. म्हणजे खुन्याला पाहिलेलं माणूस एकच, वयनी. आणि त्यांनी त्याचं तोंडच पाहिलं नव्हतं!

तिसऱ्या दिवशी लोकांनी एकाला पकडलं. छगन नावाचा, सुया-दोरे-बटणं विकणारा गुजराती फेरीवाला. दत्तारामशी बोलताना त्याला कोणीतरी पाहिलं होतं. त्या दिवसांत त्याची बोली ऐकल्यावर पुढचा पुरावा कोणी मागितला नाही. लोकांनी त्याला बेदम मारलं. त्या गर्दीत मी होतो. माझेही दोन गुद्दे त्याला बसले, हे लिहिताना आजही मान वर होत नाही. पुढे चौकीत त्याने चारही खून कबूल केले.

ओळखपरेडीच्या आदल्या दिवशी आम्ही वयनींना गळ घातली. मी शिकलेला, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. "वयनी, त्याने कबूल केलंय. तुम्ही नुसतं 'हाच तो' म्हणा, म्हणजे सगळ्यांना सुखाची झोप लागेल."

त्यांनी भाकरी थापायची थांबवली. "तुमका झोप लागाक होयी म्हणान एका माणसाक फासार चढवू? माका जमूचां नाय."

मी त्यांच्या सोबतीला चौकीत गेलो. अंगणात आठ माणसं रांगेत उभी होती. वयनी पदर ओढून म्हणाल्या, "मी तेचां तोंड बघूक नाय. ह्यांका जेवूक बसवा, मी वाढतंय." शिपाई हसले. इन्स्पेक्टर चिडला, पण परेडीला आलेले म्हातारे मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बसवा. आपलं काय जातंय?" वयनींनी घरून डाळभात करून आणला. आठही जण जेवले. छगनचे हात सुजलेले होते, पण भुकेने तो भराभरा खात होता. वयनी वाकून एकेक पान बघत गेल्या.

"ह्या पंगतीत तो नाय."

"बाई, याने कबूल केलंय!" छगनकडे बोट दाखवून इन्स्पेक्टर ओरडला.

"माका मारून बघा, मी पण कबूल करतलंय."

"मुद्दाम वेगळं जेवला असेल."

"तो पाव्हणो कसो जेवलो, तां मी अजून कोणाकच सांगूक नाय. मग काय लपवूचां तां ह्येका कसां कळतला?"

मॅजिस्ट्रेटनी मान डोलावली. मग वयनींनी सांगितलं. त्या पाहुण्याने सगळा भात आधी कालवला, त्याचे लहान मुलाला भरवतात तसे इवले इवले घास केले, ताटाच्या कडेने ओळीत मांडले आणि मग एकेक उचलून खाल्ला.

छगनला लगेच सोडलं नाहीच. चाळीत मात्र वयनींचं जगणं कठीण झालं. उरलेल्या सतरातले अकरा जण खानावळ सोडून गेले. दारावर कोणीतरी कोळशाने "फितूर" लिहिलं. "काय लिवलाहा?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. "बरां असतां तर तू मोठ्यान वाचलं असतंस," म्हणाल्या आणि फडकं ओलं करून आणलं. मला फार लाज वाटली.

पण त्या नुसत्या बसल्या नाहीत. रोज सकाळी मासळीबाजारात जमणाऱ्या खानावळवाल्या बायकांना त्यांनी गाठलं. घास मांडून जेवणारा पाहुणा आला तर त्याला उठू द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. त्या सगळ्याही मान खाली घालूनच वाढणाऱ्या! तिसऱ्या आठवड्यात डिलाईल रोडच्या एका बाईला ताटाच्या कडेने घासांची ओळ दिसली. पोरीला शेजारी धाडून ती त्याला आग्रह करकरून वाढत राहिली. पोलीस आले तेव्हा तो ताक पीत होता. त्याच्या ट्रंकेत चौघांच्याही वस्तू सापडल्या, दत्तारामची नाव कोरलेली अंगठीसुद्धा. "एकट्या माणसाला कोणी शोधत नाही," असं तो मॅजिस्ट्रेटपुढे थंडपणे म्हणाला. छगनची सुटका झाली.

कोर्टात त्याच्या वकिलाने वयनींची टर उडवायचा प्रयत्न केला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्याला फाशी झाली. त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. वयनींनी घेतला नाही. "दत्तारामासाठी झाला तां बरां झाला," म्हणाल्या, "पण फासार गेलो तेका ल्हानपणी कोणीतरी तसो घास करून भरवलेलो आसतलो रे." मला असं बोलायला जमलं नसतं. आजही जमत नाही.

त्यानंतरच छगनला आमच्या गल्लीत पाऊल टाकायचा धीर झाला. एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला, हातात वयनींसाठी सुयांची पाकिटं. वयनी म्हणाल्या, "सुयो मागसून. आधी जेव." त्यांचे हात पिठात होते, म्हणून वाढायला मला सांगितलं. मी त्याच्यासमोर वाकलो आणि माझ्याच्याने राहवेना. "छगनभाई, त्या दिवशी मीही मारलं होतं तुम्हाला."

"मालूम है, भाई," तो जेवता जेवता म्हणाला. "दरवाजे में ही पैचाना. थोडा चावल और दो."

भाताचं पातेलं हातात घेऊन मी तसाच थिजलो. चुलीजवळून वयनींचा आवाज आला, "अरे, उभो काय रवलंस? भात वाढ तेका."