बंगालीन असल्याची साक्ष

निर्वासितपणाच्या सुनावणीत काय काय विचारतात, हे आमच्या घरातल्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं. आणि मी तर पत्रकं वाचतच मोठा झालो. बाबा विहारातून गठ्ठे आणायचे. 'अन्यायाविरुद्ध पेटून उठा' मला बाराखडीसोबतच पाठ झालं. त्यामुळे शेजारच्या मावशीला नोटीस आली तेव्हा तिच्यासोबत तालुक्याला निघालो तो भांडायच्या तयारीनंच.

मावशीला तिच्या बापानं कडेवर घेऊन सीमेपलीकडच्या बंगालातून आणलं होतं. निर्वासित म्हणून सरकारनं त्यांना गडचिरोलीच्या जंगलात घरापुरती जागा दिली. कागद पुरात गेले. आता ती निर्वासित आहे हे सिद्ध झालं तरच जागा तिची, नाही तर अतिक्रमण.

साक्षीला तिनं पलीकडच्या घरच्या भाऊंना घेतलं. भाऊ गावातले जुने धानवाले शेतकरी. कोंबड्यांवरून, मासळीच्या वासावरून दोघांचं रोज वाजायचं, आणि भाऊ तिला आयुष्यभर 'बंगालीन' अशीच हाक मारत आले होते. याहून पक्का साक्षीदार कुठे मिळणार?

तहसील कचेरीत साहेबांनी विचारलं, "बाई, कुठून आलात?"

"मले काय आठवते साहेब? मी कडेवर होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर इथल्याच वाटता. बोलणं पाहा तुमचं."

मी उठून मानवी हक्कांवर बोलायला लागलो. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा."

मग भाऊ उभे राहिले. धुतलेलं धोतर, टोपी. आमच्याकडे कचेरीत कुणी शेजाऱ्याचं वाईट सांगत नाही. साक्ष म्हणजे भलावण, एवढंच ठाऊक. भाऊ हात जोडून म्हणाले, "बाई लाखात एक हाय साहेब. बाहेरची बिलकूल नाई. आपल्यातलीच. इथीच जन्मली म्हना ना!"

साहेब ते लिहून घ्यायला लागले.

जन्मभर परकी ठरवलेल्या बाईला आज परकेपण सिद्ध करायचं होतं, आणि नेमकं आजच गावानं तिला आपलं म्हटलं. यावर कोणती घोषणा द्यायची, मला सुचेना.

मावशीला सुचलं. "काऊन रे बुढ्या! रोज सकाळी बंगालीन, बंगालीन बोंबलते, न् आज तोंड शिवलं का तुहं? माझ्या बापाले पळपुटा कोन म्हणे?"

"मंग खोटं हाय का?" भाऊ भडकले. "ट्रकातून उतरला तवा त्याले मराठीचा म येत नव्हता! हातवारे करून माझ्या बापाले पानी मागतलं त्यानं. तू कडेवर भोकाड पसरून होती. बंगालीन ते बंगालीनच!"

"ट्रक कुठून आला होता?" साहेबांनी खोडून पुन्हा लिहायला घेतलं.

"छावणीतून! अजून कुठून?" आणि भाऊंनी रागारागात ट्रकात कोण कोण होतं, कुणाच्या डोक्यावर कोणतं गाठोडं होतं, सगळं सांगितलं. साहेबांचं पान भरलं.

निकाल नंतर कळवू म्हणाले.

बस स्टँडवर भाऊंनी चहा बशीत ओतला. मग मावशीकडे न बघता म्हणाले, "आता तुले त्या नावानं हाक मारू का नको?"

"निकाल लागेपर्यंत रोज मार," मावशी म्हणाली. "न् जरा जोरानं."