लंडनचे ग्लास

हैदराबादेत बारमध्ये कुणी ‘एक पाइंट’ म्हटलं, की बिअरची लहान बाटली समोर येते. हा शब्द कानावर पडला, की नारायणगुड्याच्या एका बारमधलं ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

सुरुवात खबरीने झाली. बारसमोरच्या पानवाल्याने आमच्या ठाण्यातल्या शिपायाला सांगितलं, की आतला बारमन मागच्या दाराने बिअरचे ड्रम बाहेर काढतो. त्याच दिवशी बारमालकही तक्रार घेऊन ठाण्यात हजर. त्याने नुकतीच नळाची, म्हणजे ड्रममधून थेट ग्लासात भरायची बिअर सुरू केली होती. त्याच्या हिशेबाने एका ड्रममधून नव्वद पाइंट निघायला हवे होते. निघत होते जेमतेम पन्नास. सगळ्या नोकरांसमोर बारमनला चोर ठरवून तो आला होता. आता त्याला अटक हवी होती.

बारमन मूळचा नांदेडकडचा, पन्नाशीतला. शिपायांनी त्याला गौलीगुड्यातल्या घरून भर गल्लीतून जीपमध्ये घालून आणलं. आम्ही पोलीस तेच तेच प्रश्न विचारतो, त्याला कारण आहे. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा मात्र एकच सांगत होता.

“साहेब, मी ग्लास भरून दिला. बाकी मला कायबी मालूम नाही.”

“ड्रम कुठे जात होते?”

“रिकामे होते साहेब. कंपनीची गाडी नेती. इचारा की त्यांना.”

विचारलं, तर ते खरं निघालं. पानवाल्याची खबर फुसकी ठरली. पण बिअर कमी होतीच, त्यामुळे बारमनवरचा संशय जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन मी बारमध्ये गेलो आणि बारमनला म्हटलं, “कसा भरतोस ते दाखव.” त्याने ग्लास काढला. मालकाच्या मेव्हण्याने लंडनहून पाठवलेला, जाड काचेचा, तळाशी इंग्रजीत ‘पाइंट’ लिहिलेला.

“पाइंटच तो है साब,” मालक म्हणाला.

मी बिअरची एक लहान रिकामी बाटली मागवली आणि ती पाण्याने भरून ग्लासात ओतली. फेसाची सबब नको. ग्लास निम्म्याच्या जरासा वर भरला. तीच बाटली पुन्हा भरून ओतली. ती बरीचशी रिती झाली, तेव्हा तो काठोकाठ भरला.

आपला पाइंट तीनशे तीस मिलिलिटरचा, लंडनचा पाचशे अडुसष्टचा. मालकाने हिशेब इथल्या बाटलीने केला आणि बिअर तिथल्या ग्लासाने विकली. चोरी झालीच नव्हती. मला हसू आलं, पण बारमनचा चेहरा पाहून ते गिळलं.

मालकाने त्याला बाजूला घेतलं. “गलती हो गई भाई. कल से काम पे आ जाओ.”

बारमन जागचा हलला नाही. “चोर म्हनले ते सगळ्यांपुढं. चोर नाही, हे कानात सांगता?”

मालकाला नोकर गोळा करावे लागले. सगळ्यांसमोर चूक कबूल करताना त्याची मान वर होत नव्हती.

त्यानंतर बारमनला मी त्याच जीपमधून गौलीगुड्याला नेलं. गल्लीच्या तोंडाशी सोडलं नाही, दारापर्यंत गेलो. शेजारीपाजारी बाहेर आले, तेव्हा मोठ्याने सांगितलं, “यांच्यावर कसलीही केस नाही.”

पुढे नोकरीभर कुणी कमी भरल्याची तक्रार आणली, की मी आधी माप मागवत असे. आणि निर्दोष निघालेल्या माणसाला ठाण्याच्या पायरीवरून ‘जा’ म्हणून कधी सांगितलं नाही. जिथून आणला, तिथे लोकांदेखत परत नेऊन सोडला.