हद्दीचा लिंब

पोलीस ॲक्शननंतर मानवतला मास्तर, कारकून अशी नोकरदार माणसं यायला लागली आणि प्रत्येकाला घरासाठी जागा हवी झाली. आमच्या घरचा धंदाच तो. पडीक जागा घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, कुठे खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या, कुठे तुकडाच विकायचा. धंदा नवरा आणि दीर करत. त्यांनी केलेलं निस्तरायचं काम माझं.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला सासऱ्यांनी निजामाच्या वेळी एक मोठी जागा घेऊन ठेवली होती. ते गेल्यावर आम्ही तिचे चार तुकडे पाडले. मागच्या तीन तुकड्यांकडे जायला पूर्वेच्या कडेने एकच वाट, बैलगाडीपुरती. त्यातला एक तुकडा एका मास्तरांना द्यायचा ठरला होता. खरेदीच्या आधी ते सहज जागा बघायला गेले, तर वाटेवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शेजारच्या कापसाच्या अडत्याने ते गुपचूप आत सरकवलं होतं.

मास्तर तडक घरी आले. "वाटच नसेल तर दगडाच्या गाड्या काय आभाळातून उतरवू? रविवारपर्यंत थांबतो. नाहीतर दुसरी जागा बघतो."

मास्तर गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण वाट गेली तर मागचे तिन्ही तुकडे कुणी फुकटसुद्धा घेतले नसते.

मग पेटीतून सासऱ्यांच्या खरेदीचा कागद निघाला. कागद उर्दूत. नवऱ्याला उर्दू उत्तम यायचं, त्यांची शाळाच त्या भाषेतली. पण कागद पेटीत ठेवायचा असतो, वाचायचा नसतो, असा आमच्या घरचा समज. त्यांनी पहिल्यांदाच तो मोठ्याने वाचून मराठीत सांगितला: पूर्वेची हद्द, कडुलिंबाचं झाड.

दीर आढ्याकडे बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी तो लिंब त्यांनीच तोडला होता. लिंबाला वाळवी लागत नाही, म्हणून भाड्याच्या खोल्यांच्या सगळ्या चौकटी त्याच्याच केल्या. लाकूड घरचंच निघालं, हे गावभर सांगत हिंडले होते.

आम्ही अडत्याकडे गेलो. तो हसला. "वैनी, लिंब दाखवा, मी सरकतो."

"लिंब आमच्या भाडेकरूंच्या दारात उभा आहे," मी म्हटलं.

"मग तितूनच मोजा की हद्द!"

घरी येऊन दोघे भाऊ चहा पीत बसले. नवरा म्हणाले, वकील बघू. दीर म्हणाले, "नवा लिंब लावू. चार वर्षांत डोक्याएवढा व्हतो." रविवार परवावर आला होता.

झाड तोडलं तरी बुडखा जमिनीत राहतो. हे कळायला वकील लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली, एक मजूरबाई घेतली, नवरा-दिरांना मागे घेतलं आणि कुंपणाशी गेले. पलीकडे अडत्याने जळणासाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला. लिंब तिथंच कुठेतरी होता, असं दीर म्हणाले. आम्ही काटे बाजूला करून ढिगाला हात घातला, तसा तो धावत आला. "वैनी, जळणाला हात लावू नका!"

आरडाओरडा ऐकून त्याची म्हातारी आई बाहेर आली. "का वरडायलास रं?"

"लिंब हुडकायल्यात ह्या!"

"मग तितंच हाय की बुडखा. तूच त्याच्यावर पऱ्हाट्या रचून घेतल्यास."

मजूरबाईने तोंडाला पदर लावला. पऱ्हाट्या उपसल्यावर परातीएवढा बुडखा दिसला, कुंपणाच्या चांगला सात हात पलीकडे. अडत्याने स्वतःच काटे ओढायला सुरुवात केली.

नवऱ्याला मी मास्तरांना बोलवायला आणि हद्दीचा दगड आणायला पिटाळलं. दीर मात्र बुडख्यापाशी उकिडवे बसले होते. बोटांनी त्याच्यावर टकटक करत होते.

"वैनी, लय झकास वाळलंय. मुळासकट काढलं ना, तर एका बाजंचे चार खूर आरामात निघतील."

"भाऊजी, व्हा तिकडं," मी म्हटलं आणि त्या बुडख्यावर बसले. ऊन चढलं, मास्तर आले, त्यांनी दोनदा "बाई, सावलीत बसा" म्हणून सांगितलं. बाजूला दगड गाडून होईपर्यंत मी उठले नाही.