मावळ्यांचे डोळे

यंदा दिवाळीला येणं जमणार नाही, असं मुलाने फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि माळ्यावर चढलो. सत्तरीच्या माणसाने शिडीच्या वाटेला जाऊ नये, पण देवपूरच्या या घरात मला अडवायला आता आहे कोण? बायको जाऊन तीन वर्षं झाली. माळ्यावर केळीच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेले अकरा मावळे सापडले.

आईने केलेले. आमचं लहानपण एरंडोलजवळच्या खेड्यात गेलं. तिथली काळी माती वाळली की तडकते, म्हणून आई तिच्यात कापूस पिंजून घालायची आणि गोळा चांगला कुटून घ्यायची. शेजारच्या पोरांच्या किल्ल्यावर बाजारातले मावळे उभे राहायचे, आमचे चुलीपुढे घडायचे. गेरूचा अंगरखा, निळीचं मुंडासं, चुन्याची विजार; ढाल म्हणून चिंचोका. डोळे सगळ्यात शेवटी, पणतीच्या काजळाने, केरसुणीच्या काडीने. हात काही बसलेला नव्हता. एक डोळा मोठा तर एक बारका, आणि दोन्ही तिरके. किल्ला सोडून सगळे आमच्या दाराकडे बघायचे. शत्रूवर कशाला, पहारा आपल्या पोरांवर हवा, असं ती म्हणायची. धाकटी बहीण आणि मी पोट धरून हसायचो.

पुढे मी ड्रॉइंग मास्तर झालो आणि जन्मभर पोरांच्या चित्रांतले डोळे दुरुस्त करत राहिलो.

खोक्यातल्या मावळ्यांचे रंग उडाले होते, एकाचं नाक गेलं होतं. माझे हात शिवशिवू लागले. बहीण आता एरंडोललाच असते. दर भाऊबीजेला सकाळच्या एसटीने येते, ओवाळते, जेवते आणि चारच्या गाडीने परत जाते. गुडघे दुखतात, घरी म्हैस आहे, कारणं ठरलेली. मावळे नवे करून मांडले तर जुन्या गोष्टी निघतील, गोष्टींच्या नादात गाडी चुकेल आणि ती एक रात्र राहील, असा माझा डाव होता. खरं सांगतो, मला या घरात दुसऱ्या माणसाचं नुसतं खोकणं ऐकू आलं असतं तरी चाललं असतं.

आठ दिवस खपलो. नाक बसवलं, अंगरख्यांना चुण्या दिल्या, मुंडाशांना जरीचा काठ काढला. डोळ्यांशी आलो आणि अंगातला मास्तर जागा झाला. मापात, सरळ, पापण्यांसकट असे डोळे काढले की अकराच्या अकरा प्रदर्शनात ठेवावेत. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

बहीण आली. ओवाळणं झाल्यावर तिला आतल्या खोलीत नेलं आणि टेबलावरचं फडकं काढलं. तिने चष्मा लावला. एक मावळा उचलला, बघितला, खाली ठेवला. मग दुसरा. असे सगळे बघून झाल्यावर तिने हळूच विचारलं,

"भाऊ, मायना डोया कोठे गयात?"

मी म्हणालो, आईने काढलेल्या डोळ्यांचं काजळ पार पुसट झालं होतं. खोटं बोललो. गेरू उडाला होता, नीळ उडाली होती, काजळ तेवढं जसंच्या तसं होतं. नवा रंग नीट बसावा म्हणून मीच ते ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं. आमच्याकडे आईचा एकही फोटो नाही. ती कधी शाळेत गेली नाही, त्यामुळे अक्षरही नाही. तिच्या हातचं जे काही उरलं होतं, ते मी सुधारायला गेलो. करायला गेलो काय आणि झालं काय.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती जेवली आणि चारच्या ऐवजी तीनच्या गाडीने गेली.

आठवड्याने तिचा फोन आला. बारावा मावळा तिच्याकडे होता. लग्नाच्या वेळी लुगड्याच्या घडीत लपवून तिने तो सासरी नेला होता, आणि इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता. मी म्हटलं, पाठवून दे, नुसता बघेन.

"नको भाऊ. तू त्याले बी रंग लाई देशी. तूच ये."

मी गेलो. दहा वर्षांत तिच्या घरी गेलो नव्हतो. मी थोरला, तेव्हा तिनेच यायचं, असं मी धरूनच चाललो होतो. तिने मावळा स्टुलावर ठेवला. तलवार मोडलेली, चुना पिवळा पडलेला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, पोरांना ओल्या चित्रापुढे उभं करायचो तसे. एक डोळा मोठा, एक बारका. मी ज्या दारातून आत आलो होतो, तिकडेच तो बघत होता. मला रडू आवरेना. बहिणीने पाठीवर हात ठेवला आणि आज राहा म्हणाली. राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवपूरला येऊन कुलूप काढलं. टेबलावर अकरा जण मान ताठ करून, सरळ समोर बघत उभे होते. मी घरी आल्याचं त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही.