गव्हाणीतली गाय आणि शेठची मशीन

मी ख्रिस्ती आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझं मराठी तपासतो. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" मी म्हटलं, "घरी आई मराठीत ओरडते आणि पप्पा मराठीत गप्प बसतात." ती हसली, पण तिला ते खरं वाटलं नाही. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून कर्जतला आले. पप्पांचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, आई बालवाडीत शिकवते. कर्जतपासून थोड्या अंतरावरच्या गावात आमचं घर आहे. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच.

लहानपणी गणपतीत गावातलं मंडळ हलता देखावा करायचं. एका वर्षी त्यात राक्षस होता. त्याचं डोकं वर जायचं, खाली यायचं, आणि डोळ्यांत लाल दिवे पेटायचे. सगळी मुलं पुढे उभी राहून बघायची. मी पडद्यामागे जाऊन बसायचे. तिथे सायकलची चेन, पंख्याची मोटर आणि एक वेडंवाकडं लाकडी चाक होतं. चाक फिरलं की त्यावर टेकलेला दांडा वर जायचा आणि दांड्यावरचं डोकंही. आईने बजावलेलं असायचं, "बघायचं ते बघ, पण हात जोडायचे नाहीत आणि प्रसाद खायचा नाही." पहिली गोष्ट मी पाळली. पेढा मात्र खायचे. मूर्तीपुढे मी कधी उभी राहिले नाही, पण देखाव्यामागे तासन् तास बसले. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला का गेलीस, असं कोणी विचारलं तर मी त्या राक्षसाचं नाव सांगते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी नाताळसाठी गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा केला. आमची मंडळी कर्जतमध्ये एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेसाठी जमते. नेरळहून, शेलूहून कुटुंबं येतात. दरवर्षी हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टरच्या त्याच गोऱ्या मूर्ती ठेवल्या जायच्या. मेंढपाळाचं नाक उडालेलं, उंटाचा एक पाय सेलोटेपने चिकटवलेला. मला आमच्या भागातली गव्हाण करायची होती. मी कुडाची झोपडी केली, वर पेंढा टाकला, भिंतीला पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं टांगलं. मरियेला हिरवं लुगडं नेसवलं. योसेफाला बनियान घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. कापडी चेहरे मी स्वतः शिवले, रंगवले. रंग आमच्या गावच्या माणसांचा. मागे जुन्या टेंपोच्या वायपरची मोटर आणि प्लायवूडमधून कापलेली चाकं बसवली. मोटर चालू केली की मरिया बाळाला थोपटायची, आणि गाय मान वळवून बाळाकडे बघायची, क्षणभर थांबायची, मग पुन्हा चाऱ्याकडे वळायची. त्या थांबण्यासाठी मी चाकं कितीदा कापली असतील ते आठवत नाही. नुसती मान हलवणारी गाय खेळण्यातली वाटत होती. थांबणारी गाय खरी वाटायला लागली.

नाताळच्या आधीच्या शनिवारी मी ही गव्हाण हॉलमध्ये मांडली. आमच्या पंचकमिटीचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं.

"मरियेला लुगडं?"

"हो."

"आणि योसेफ बनियानवर?"

"काम करून आलाय तो, गुरुजी."

"बेथलेहेमात कोण असे कपडे घालत होतं?"

"प्लॅस्टरच्या मरियेसारखे निळे कपडे तरी कोण घालत होतं?"

आईने मागून माझा दंड धरला. गुरुजींचा आवाज चढला नाही. ते शांतपणे म्हणाले, "हे बघ, आपण इथे मूठभर आहोत. बाहेरचे लोक म्हणतील, यांनी आता गणपतीचा देखावा सुरू केला. आतले म्हणतील, यांनी प्रभूची थट्टा केली. कपडे बदल, आणि ती मोटर बंद ठेव."

उपासना चालवणारे आमचे पाळक तरुण होते, नवीन आले होते. त्यांना देखावा आवडला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "मूर्ती तशाच ठेवूया, मरियेवर एक निळी ओढणी टाकूया. आणि उपासनेच्या वेळी मोटर बंद. चालेल?"

मी म्हटलं, "नाही चालणार. ठेवायचं तर असंच ठेवा, नाहीतर मी घरी नेते."

मी वायर गुंडाळायला घेतली. पप्पा खाली जाऊन टेंपो ठरवून आले. टेंपोत ते माझ्या शेजारी बसले, मांडीवर गाय घेऊन. गावाचं वळण आलं. मग म्हणाले, "निळी ओढणी टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तिचं लुगडं झाकलं गेलं असतं."

त्यांनी गाय जरा नीट धरली.

आमच्या घराच्या ओटीवर मी देखावा मांडला आणि मोटर चालू केली. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव येऊन गेलं. शेजारच्या काकी, ज्यांची भातशेती आमच्या घरामागे आहे, त्या बराच वेळ मरियेकडे बघत उभ्या राहिल्या.

"ही आपल्याच गावची बाय वाटतंय गं. नवरा कुठं कामाला हाय हिचा?"

"सुतार आहे काकी."

"आन् गोठ्यात का बाळंत झाली? घर नाय का?"

"गाव भरलेलं होतं. कोणी जागा दिली नाही."

"आमच्याकडं आली असती तर दिली असती," काकी म्हणाल्या, आणि घरातून पेंढ्याची एक पेंडी आणून माझ्या झोपडीच्या आत पसरून गेल्या. मी रविवारच्या शाळेत ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती, पण ती ऐकून जागा द्यायला निघालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

नाताळच्या दिवशी उपासना संपल्यावर नेरळची दोन कुटुंबं आमच्या घरी आली. मागून पाळकही आले. ते खाली बसून चाकं बघत राहिले. गुरुजी आले नाहीत.

डिग्री झाल्यावर मी नोकरी शोधायला लागले. खालापूरकडे, कुंभिवलीजवळ हायवेला लागून एक छोटा कारखाना होता. पॅकिंगच्या मशीन बनवायचे. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांनी माझे मार्क बघितले आणि कागद बाजूला ठेवला. "स्वतःच्या हाताने काय केलंयस?" असं विचारलं. मी फोनवर गाईचा व्हिडिओ दाखवला.

"ही मान मधेच थांबते कशी?"

"चाकाचा तेवढा भाग पूर्ण गोल ठेवलाय. त्यावरून दांडा जातो तेव्हा वर-खाली होत नाही. तेवढा वेळ गाय थांबते."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमची सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी कारखाना चालू."

मी घरून निघताना पप्पांनी सांगितलं होतं, रविवारचं आत्ताच काढू नकोस, आधी नोकरी लागू दे. मी म्हटलं, "रविवारी सकाळी मी उपासनेला जाते. दुपारी येईन. राहिलेले तास इतर दिवशी संध्याकाळी थांबून भरून देईन."

"पहिल्याच दिवशी अट?"

"नंतर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आधी का नाही बोललीस."

शेठ हसले नाहीत, पण नोकरी दिली. तेव्हापासून माझा रविवार असा असतो: सकाळी हॉलमध्ये गीतं, दुपारी ग्रीस.

पहिल्या वर्षीच माझ्याकडे खोके दुमडणाऱ्या मशीनचं काम आलं. पुठ्ठा सरकत येतो, एक पट्टी त्याला दाबते, क्षणभर धरून ठेवते आणि सोडते. धरून ठेवायची ती क्रिया गाईच्या मानेमुळे माझ्याकडे आधीच होती. ड्रॉइंग माझं, जुळणीलाही मी होते. शिफ्टचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते आधी म्हणायचे, "पोरी, तू वर ऑफिसात बस, हात काळे होतील." नंतर तेच पाना माझ्या हातात देऊन बाजूला व्हायला लागले. मशीन दसऱ्याच्या आधी उभी राहिली.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी मी ती मशीन रॉकेलने पुसली, प्रत्येक नट तपासला, आणि पुसता पुसता मनात प्रार्थना केली, की या मशीनवर काम करणाऱ्या कोणाचं बोट जाऊ नये. ही माझी पूजा होती, पण ती कोणाला दिसण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा आल्या, हळदकुंकू आलं. सगळे कामगार जमले. शेठ माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, म्हणूनच पुढचं अवघड झालं.

"ही तुझी मशीन. नारळ तू वाढव. आरतीही तूच कर."

कारखान्यात नवीन आलेल्या कोणाला हा मान आधी मिळाला नव्हता. मी म्हटलं, "शेठ, माळ घालते. पण आरती नाही करणार, हात नाही जोडणार. माझ्या श्रद्धेत ते बसत नाही. मी इथेच उभी राहते."

कोणीतरी घसा खाकरला. मामा हळूच म्हणाले, "अगं, नुसतं ताट फिरवायचंय. देव काय विचारतो कोणाचं ताट ते?"

"मला विचारेल, मामा."

शेठचा चेहरा उतरला. चार माणसांत त्यांनी दिलेला मान मी परत केला होता. ते म्हणाले, "ज्या मशीनपुढे हात जोडवत नाहीत, तिला हात लावू नकोस मग. उद्यापासून वर बसायचं. ड्रॉइंग कर." आणि ताट मामांकडे दिलं.

आरती होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. नंतर पेढा आला तो घेतला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आरतीला नाही म्हटलं त्याचा तिला अभिमान वाटला, पेढा खाल्ला त्याचं वाईट वाटलं. त्या रविवारी गुरुजींच्या कानावरही गेलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धवट का केलंस? मूर्तीला वाहिलेलं खाल्लंस." मी म्हटलं, "पेढा मामांनी हाताने दिला होता, गुरुजी. मी मामांचा पेढा खाल्ला." त्यांना ते पटलं नाही. मलाही त्यांचं पटलं नाही.

पण हे रविवारचं. त्याआधी, पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कारखान्यात गेले आणि वर गेलेच नाही. सरळ मशीनजवळ जाऊन झाकण उघडलं आणि पट्टीचा दाब बघायला लागले. मामा जागच्या जागी थांबले. थोड्या वेळाने शेठ आले.

"काल काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं."

"मग हे काय?"

मी पाना घट्ट धरला. "शेठ, तुम्हाला मी नको असेन तर आज काढून टाका, मी जाईन. पण माझं काम ठेवून घ्यायचं आणि हात नको म्हणायचं, हे मी ऐकणार नाही. ही मशीन मी केलीय. ती नीट चालेपर्यंत मी हिच्याजवळ असणार."

त्यांनी आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता संपलं. डोक्यात कर्जतची बस, पप्पांचं दुकान, आईचा चेहरा, सगळं येऊन गेलं. मग ते केबिनमध्ये गेले. मला काढलं नाही. माफही केलं नाही. पुढे पुष्कळ दिवस ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी समोर असताना मामांना म्हणायचे, "तिला सांगा, वेग कमी करायला." आणि मामा माझ्याकडे वळून म्हणायचे, "वेग कमी कर." मी वेग कमी करायचे.

चाचणीच्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा मशीन आधी दोनदा अडकली. पुठ्ठा ओलसर होता. आम्ही नवा गठ्ठा उघडला, मग ती चालली. शाबासकी कोणाला मिळाली नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, "हे धरून ठेवायचं काम कोणी केलं?" शेठनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिनं. हिच्याकडे एक गाय आहे, तिच्यावरून." त्या दिवसापासून ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा माळा आल्या. आता माझ्या दोन मशीन उभ्या होत्या. दोन्हींना माळ मीच घातली. शेठनी ताट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं.

"यंदा?"

"नाही, शेठ."

त्यांनी मान हलवली, रागाने नाही आणि खुशीनेही नाही. ताट मामांना दिलं. मग म्हणाले, "जरा मागे सरक, उदबत्तीचा धूर डोळ्यांत जाईल."

मी मागे सरकले नाही. डोळ्यांत धूर गेला, पाणी आलं, ते मी बाहीने पुसलं. आरती संपेपर्यंत मामांच्या शेजारी, हात खाली सोडून, उभी राहिले.