चाल मागे घ्यायचं बटण

जोहे गावातल्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारी मनस्वी मोबाइलवरच्या खेळांची परीक्षणं करते, हे गावाला ठाऊक आहे, पटलेलं मात्र नाही. लग्नाच्या वयात हे काय खूळ, असं बायका म्हणतात. मनस्वी ऐकून घेते आणि रंग वाळेपर्यंत पुढची चाल खेळते. तिला पाळीपाळीने खेळायचेच खेळ आवडतात, कारण ते थांबतात. आपली पाळी आली की वेताळसुद्धा हात बांधून उभा राहतो. धावपळीचे खेळ तिने कधीच सोडले. हातात कुंचला असताना कोण धावणार?

आखणी ती वडिलांकडून, जनूआबांकडून शिकली. त्यांची परीक्षा एकच. डोळे झाले की मूर्तीसमोर उजवीकडे सरकायचं, मग डावीकडे. दोन्हीकडून मूर्ती आपल्याकडे बघते का? आणि त्यांच्या कारखान्याचा नियमही एकच: डोळा एकदाच. पुसायचा नाही. बिघडला तर मूर्ती बाजूला. दोन वर्षांपूर्वी आबांचा हात थरथरला, बुबुळ ओघळलं आणि त्यांनी आपल्याच नियमाने ती मूर्ती फळीवर मागे ठेवली. कुंचलाही ठेवला. तेव्हापासून ते कोपऱ्यात बसून रंग ढवळतात. मनस्वीने हरप्रकारे विनवलं. आबा ढिम्म. बापाच्या हाती पुन्हा कुंचला बघावा, एवढीच तिची इच्छा होती आणि ती इच्छाच तिला जाळत होती.

अशात रोह्याच्या जितेश नावाच्या मुलाने परीक्षणासाठी तिला आपला खेळ पाठवला. कंपनीत शिफ्ट करून, चार वर्षं खपून त्याने तो बनवला होता. सात डोंगरी किल्ले, यक्षांचं सैन्य, आणि आपल्या बाजूला पाच माणसं. मनस्वी खेळात रमली. यक्ष धुक्यातून येतात, म्हणून आधी शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे तर तिला फारच आवडलं. पण चौथ्या किल्ल्यावर तिचं बोट घसरलं. म्हातारा वाटाड्या एक घर पुढे गेला आणि मेला. त्या खेळात मेलेला माणूस पुढच्या लढाईत परत येत नाही. तिला खरंच रडू आलं.

तिने व्हिडिओत स्पष्ट सांगितलं, "खेळ देखणा हाय, पण निर्दयी हाय. एक बोट चुकलं की माणूस गेला. आपल्या लोकांनी घेऊ नये." तिचं ऐकणारे थोडे, पण मराठीतून या खेळाबद्दल बोलणारी ती एकटीच. खाली लोक लिहू लागले, बरं झालं सांगितलंस.

चार दिवसांनी जितेशचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"ताई, चाल मागे घ्यायचं बटण दिसलं नाय का?"

"दिसलं. दाबलं नाय."

"का?"

बटण तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मागे घेणं म्हणजे लबाडी, असं धरून चालली होती. परीक्षणात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"ते मी शेवटी घातलं," जितेश म्हणाला. "माझी आई पहिली खेळून बघायची. तिचा हात थरथरतो. चुकली की फोन खाली ठेवायची, परत उचलायचीच नाय."

मनस्वीने कोपऱ्याकडे पाहिलं. आबा रंग ढवळत होते.

तिने जुना व्हिडिओ काढून टाकला आणि तिथेच, मूर्तींच्या रांगेत बसून नवा केला. "मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "खेळ निर्दयी नाय. मीच बटण दाबलं नाय, आणि तुम्हाला सांगितलंही नाय. एका लढाईत तीनदा चाल मागे घेता येते. हे त्याने आपल्या आईसाठी केलंय." पुढे शेकोट्यांचं, किल्ल्यांचं, यक्षांच्या तोंडी घातलेल्या अडाणी भाषेचं बरंवाईट सगळं बोलून तिने फोन ठेवला.

ढवळणं थांबलं होतं.

"मने," आबा म्हणाले. मुलीच्या खेळाबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. "ती त्याची आई जिंकली काय गो?"

"व्हय आबा. सातही किल्ले, जितेश सांगत होता."

"तीनदा म्हणालीस?"

"तीनदा."

आबा उठले. फळीवरची मागची मूर्ती त्यांनी स्वतः पुढे आणली आणि म्हणाले, "ओलं फडकं दे."

ओघळलेलं बुबुळ त्यांनी पुसलं आणि कुंचला उचलला. त्यांनी आखलं, बिघडलं, पुसलं. पुन्हा आखलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी रेघ जरा हलली. मनस्वीने फडकं पुढे केलं.

आबांनी ते घेतलं नाही. ते उजवीकडे सरकले, मग डावीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "दोन्हीकडून बघतोय."